आर काढा, हात लावा



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव असतो, वीजबिल असते, कर्ज असते. गोऱ्हा कधी नसतो. या खेपेला तो असावा असा आमचा आग्रह आहे. ज्यांना यात हसण्यासारखे काही वाटत असेल त्यांनी आधी एक आकडा वाचावा. २०१२ च्या पशुगणनेत देशात गायीच्या जातीचे नर, म्हणजे बैल, गोऱ्हे, वळू सगळे धरून, ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत दोन कोटींवर जनावर दावणीवरून गेले. गायी याच काळात वाढल्या. घटला तो नर.

ट्रॅक्टर हे एक कारण आहेच, आणि ट्रॅक्टरला आमचा विरोध नाही. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण दुसरे कारण कायद्याचे आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात गाय आणि वासरे होती. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. म्हाताऱ्या, अडेल, मारक्या बैलाचे बाजारात जे काही चार पैसे होत होते ते एका सहीने गेले. या कायद्याला आमचा विरोध होता, आहे आणि राहील. आपल्या मालाची विक्री कोणाला करायची हे शेतकऱ्याने ठरवायचे, सरकारने नव्हे. जनावर हाही मालच आहे.

पण विरोध करत बसलो म्हणून दावणीला बांधलेला गोऱ्हा थांबत नाही. तो वाढतो आहे. पूर्वी एखादा गोऱ्हा शिकवताना बिघडला तर शेतकरी तो तोट्यात विकून मोकळा होत असे. आज बिघडलेला गोऱ्हा आठ-दहा वर्षे कडबा खात उभा राहतो, आणि चांगल्या जोडीला बाजारात लाखाच्या वर मोजावे लागतात. गोऱ्हा बिघडवणे ही चैन कोरडवाहू शेतकऱ्याला आता परवडणारी नाही. आमचा सगळा मुद्दा इथून सुरू होतो. भूतदयेवर प्रवचन करायला आम्ही बसलेलो नाही.

गोऱ्हा बिघडतो कसा? गावोगाव जवळजवळ एकच तऱ्हा आहे. वासरू जन्मले की गायीचे दूध काढण्यापुरता त्याच्याशी संबंध. पुढे ते गुराख्याच्या मागे गायकीत जाते. दोन-अडीच वर्षे त्याच्या अंगाला माणसाचा हात असा लागतच नाही; लागली तर काठी लागते. मग दोन दाती झाला, उन्हाळवाहीचे दिवस आले, की एक दिवस चौघे मिळून त्याला दोर टाकून पाडतात. त्याच दिवशी नाक टोचून वेसण, त्याच आठवड्यात खच्ची, आणि नाकाची जखम ओली असतानाच मानेवर जू. बिचकला की तुतारी. बसला की शेपूट पिरगळायची. अशा गोऱ्ह्याला काय शिकवले गेले? औत ओढायला नाही. माणूस जवळ आला की दुखते, एवढेच तो शिकला. आणि जे शिकला ते तो कधी विसरत नाही, कारण भीतीची आठवण जनावराच्या डोक्यात सर्वात पक्की बसते. ती जागा, तो आवाज, ते धोतर किंवा तो पँटवाला माणूस, सगळे एका चित्रासारखे डोक्यात राहते. अमेरिकेतील कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या टेंपल ग्रँडिन या बाईंनी जनावरांच्या हाताळणीवर आयुष्य घालवले. त्यांचे सांगणे हेच आहे, की जनावर शब्दांत नाही, चित्रांत आणि आवाजांत विचार करते. आपल्याकडच्या जुन्या धुरकऱ्यांना हे विद्यापीठात न जाता माहीत होते. पण ते धुरकरी एकेक करून गेले, सालदारी मोडली, आणि त्यांच्याबरोबर हात गेला. मागे फक्त काठी उरली.

हा हात म्हणजे काय, ते घोड्यांवरून लवकर कळते, म्हणून थोडे दूर जाऊ. घोडा बैलापेक्षा कितीतरी भित्रा. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचे माळरान आहे. तिथे मालकीचे असूनही अर्धे रानटी असे तट्टांचे कळप मोकळे चरतात. पावसाळी हिवाळा तोंडावर आला की ते वळवून आणतात आणि शिंगरे वेगळी करतात. ज्या शिंगराने माणूस जवळून पाहिलेला नाही त्याला शिकवणारे चांगले लोक आधी काहीच करत नाहीत. वाड्यात गवत टाकून नुसते बसून राहतात. शिंगरू आपण होऊन वास घ्यायला येते. मग लांब वेताच्या टोकाला मऊ ब्रश बांधून त्याने खांद्यामागची वशिंडाची जागा खाजवायची. काठी, पण मारायची नव्हे, खाजवायची. शिंगरू उभे राहिले की काठी आखूड करत आणायची, शेवटी काठीच्या जागी हात. शिंगरू मागे सरले तर त्याच्या मागे धावायचे नाही. उभे राहिले तर लगेच आपण मागे व्हायचे, म्हणजे उभे राहण्यात फायदा आहे हे त्याला कळते.

नेमकी तीच जागा का? १९९३ साली फ्रान्समध्ये कामार्ग भागातल्या घोड्यांवर एक अभ्यास झाला. घोडे एकमेकांना जिथे दातांनी खाजवतात तिथे, म्हणजे मानेच्या मुळाशी, माणसाने खाजवले तर घोड्याच्या काळजाचे ठोके कमी होतात असे त्यात मोजून निघाले. गायींच्या बाबतीत व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील अभ्यासकांनी तेच तपासले. गळ्याच्या खालच्या बाजूला, पोळीपाशी हात फिरवला की गाय मान लांब करते आणि शांत होते. हीच जागा गायी एकमेकींच्या चाटतात. आणि या सगळ्याच्या आधी, सुमारे २३५० वर्षांपूर्वी, झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहून ठेवले. त्याचे म्हणणे असे, की शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटे असताना व्हावा. दाणा, पाणी आणि माश्यांपासून सुटका माणसाच्या हातून व्हावी. म्हणजे ते माणसाची वाट पाहील. रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये, हेही त्यानेच बजावले आहे. लढाईतला माणूस होता, जैन मुनी नव्हता. त्याला घोडा युद्धात भरवशाचा हवा होता, म्हणून त्याने प्रेमाची गोष्ट केली.

आपल्याला गोऱ्हा डवरणीत भरवशाचा हवा आहे. कपाशी गुडघ्याएवढी झाली, दोन पावसांच्या मध्ये चार दिवस उघडीप मिळाली, वाफसा आला, की त्या चार दिवसांत डवरा फिरला तर पीक, नाहीतर तण. काळ्या जमिनीत ट्रॅक्टर तेव्हा घालता येत नाही आणि घातला तर रोपे मोडतात. तिथे तोंडाला मुसके बांधलेला, दोन तासांमधल्या पट्टीत पाऊल सांभाळून चालणारा बैल लागतो. धुऱ्यावर वळताना रोप न तुडवता वळणारा लागतो. असे चालणे माराने येत नाही. मारलेला बैल ओढतो, पण आडवा ओढतो. त्याचे अर्धे लक्ष मागच्या तुतारीवर असते. किती झाडे मोडली ते संध्याकाळी मोजा.

मग करायचे काय? सुरुवात जन्मापासून. गोऱ्हा आठ दिवसांचा असतानाच रोज थोडा वेळ त्याच्या सगळ्या अंगावर हात फिरला पाहिजे: कान, जबडा, पोळी, पाठ, पोट, चारी पाय. खूर उचलून पुन्हा ठेवायचा. पुढे नालबंद आणि डॉक्टर दोघेही दुवा देतील. आई तोडताना, म्हणजे दूध सुटताना, पुन्हा आठ-पंधरा दिवस जास्त जवळ जायचे. त्या वेळी जनावर आधार शोधत असते. हे काम घरात कोण करते? बाया करतात. वासराला पाणी दाखवणे, कुटार-ढेप टाकणे, शेण काढणे, गोचीड वेचणे. गोऱ्हा घरच्या बाईच्या हाकेला येतो आणि मालकाला पाहून बिचकतो, हे कोणत्या कोठ्यात दिसत नाही? तरीही बाजारात जोडीची किंमत होते तेव्हा त्यात बाईचा वाटा धरला जात नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांच्या अधिवेशनात लाखो बाया जमल्या तेव्हापासून आपण बाईचे श्रम मोजा असे म्हणत आहोत. गोऱ्ह्याचे पहिले शिक्षण हा त्याच हिशेबातला एक खर्चाचा धनको आहे.

पुढे सहा महिन्यांनंतर म्होरकी. वेसणीची घाई करू नये. गोऱ्हा म्होरकीवर मागे चालायला शिकला असला तर वेसण नुसती सोबत असते, नाकाला झटका द्यावाच लागत नाही. दोर धरून ओढत बसायचे नाही, कारण ओढाओढीत तो जिंकतो. दोर जरा ताणायचा आणि थांबायचे. त्याने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. सगळी विद्या या सैल सोडण्यात आहे. दोन पळे उशीर झाला तर गोऱ्ह्याला कळत नाही की आपण काय बरोबर केले. रोज पंधरा मिनिटे पुरतात. तास-तास घासण्याने तो कंटाळतो आणि शिकवणारा चिडतो. रस्त्यावर न्यावे, एस.टी. पाहू द्यावी, पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू द्यावा. नाक टोचले तर जखम पुरती वाळेपर्यंत दोर लावू नये. खच्ची करायचे ते डॉक्टरांकडून, चिमट्याने, बधिर करण्याचे इंजेक्शन मागून घेऊन. दगडाने ठेचायचे दिवस गेले असे आम्ही समजतो. आणि ज्या महिन्यात हे झाले त्या महिन्यात जुवाला हात लावू नये.

जुवाची ओळख रिकाम्या जुवाने. मानेवर ठेवले, थोडे खाजवले, काढले. मग थोराड, थंड बैलाच्या जोडीला. शिकवणारा खरे तर तो बैल असतो, माणूस फक्त मध्ये येत नाही एवढे पाहायचे. मागे आधी हलके लाकूड, मग रिकामी बंडी, मग वखर, तोही मऊ वावरात. चढ किंवा चिखल पहिल्या वर्षी नको. पहिल्या वर्षी जो बैल जास्त ओझ्याखाली बसला त्याने बसणे हा उपाय आहे एवढे शिकून घेतले.

उभे कुठे राहायचे हेही सांगून ठेवू. बैलाचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण ऐन मागचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येणारा माणूस त्याच्या लेखी वाघ असतो. येताना बाजूने यावे, बोलत यावे. त्याच्या खांद्यावरून एक रेघ काढली असे धरा: रेघेच्या मागे उभे राहून पुढे सरलात तर तो पुढे चालतो, रेघेच्या पुढे आलात तर थबकतो. हे ज्याला साधले त्याचे निम्मे ओरडणे वाचते. ओरडण्याने तसेही काही होत नाही, बैलाला बारीक आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतो. लाल रंगाने तो भडकतो ही मात्र निव्वळ थाप आहे, त्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही.

आता एक हरकत येईल आणि ती रास्त आहे: लाडावलेला गोऱ्हा डोक्यावर बसतो. बसतोच. लहानपणी पोरे त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलाढकली खेळतात आणि घरचे कौतुकाने पाहतात. तोच खेळ तीन वर्षांनी कोणाच्या तरी बरगड्या मोडतो. माणसात एकटा वाढलेला नर माणसाला आपल्यातला समजतो आणि आपल्यातल्याशी जसे भांडावे तसे भांडतो. म्हणून वासरू इतर वासरांत वाढू द्यावे, कपाळाशी खेळू देऊ नये, आणि डोके लावले की लगेच, रागावल्याशिवाय, बाजूला सारून लांब करावे. हाताळणे म्हणजे खेळवणे नव्हे. आईबापाला ज्याप्रमाणे दोन्ही कळावे लागते तसेच इथे आहे.

दुसरी हरकत वेळेची. एवढा वेळ कोणाला आहे? हिशेब करा. वासराशी रोज दहा मिनिटे आणि म्होरकीनंतर काही आठवडे पंधरा मिनिटे. त्या बदल्यात आठ-दहा वर्षे एकट्या माणसाला जोडी हाकता येते. मारून शिकवलेल्या जोडीला पुढे धरायला दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसाची मजुरी दर हंगामाला द्यावी लागते. महाग काय पडले?

शहरातल्या प्राणिमित्रांना इथे एक शब्द. दिल्लीत १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, ३७ अंशांच्या वर ऊन असेल तर बारा ते तीन औत सोडायचे, आणि टोकदार आर लावलेली काठी वापरायची नाही. नियम वाईट नाहीत. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात बारा वाजता औत धरणारा शेतकरी आम्हाला दाखवावा. नियम होण्याच्या कितीतरी आधीपासून आमची माणसे पहाटे वखर धरून उन्हाच्या आत झाडाखाली येतात. आरीबद्दलचा नियम आम्ही मोडतो, हे खरे आहे. पण आर कशामुळे लागते ते दिल्लीला ठाऊक नाही. भाव पडलेला असतो, मजूर मिळत नाही, वाफसा निघून चाललेला असतो, आणि हाताखाली असा एकच जीव असतो की जो उलट बोलत नाही. बापूजींच्या पुस्तकात कुठे लिहिलेले नसले तरी शेतीतला तोटा सर्वात शेवटी बैलाच्या पुठ्ठ्यावर उमटतो. जोतिबा फुल्यांनी १८८३ साली पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' नाव दिले, तेव्हा तो असूड कोणाच्या पाठीवर पडायचा होता हे त्यांना पक्के ठाऊक होते. बैलाच्या नव्हे.

शंकरपटाचेही थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा कायम केला. या निकालाचे आम्ही स्वागत केले, कारण पट आहे तिथे चांगल्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक आहे आणि गवळाऊ पाळणाऱ्याला कारण आहे. पण पटावर बॅटरीचा झटका देणारा, खिळे टोचणारा आणि शेपूट चावणारा हा आमच्या बाजूचा माणूस नाही. दहा सेकंदांच्या धावेसाठी तो पुन्हा बंदी ओढवून आणील आणि भुर्दंड गावाला बसेल.

बैठकीपुढे आमचे म्हणणे असे. प्रत्येक गावशाखेने आपल्या गावात गोऱ्हा हाताने शिकवणारी म्हातारी माणसे किती उरली आहेत त्यांची नावे आणावीत, बायांची नावे विसरू नयेत. जिल्ह्यात तीन-चार ठिकाणी उन्हाळवाहीआधी आठ दिवसांचा वर्ग भरवावा. शिकवणाऱ्याला रोजी द्यावी, सत्कार आणि नारळावर भागवू नये. ज्यांच्या घरी दूध सुटलेला गोऱ्हा आहे त्यांनी तो घेऊन यावा. ट्रॅक्टरला अनुदान देणाऱ्या सरकारकडे या वर्गासाठी हात पसरायचा की नाही यावर मतभेद होतील. आमचे मत नको असे आहे. त्याऐवजी बाजारात वजन टाकावे: बैल बाजारात दात पाहतात, खूर पाहतात, शिंगे पाहतात, त्यात आणखी एक पाहणी घालावी. विकणाऱ्याने कासरा सोडून गोऱ्ह्याच्या पोळीवर हात ठेवावा. गोऱ्हा उभा राहिला तर एक भाव, मागे सरला तर दुसरा. दोन भावांत किती अंतर ठेवायचे ते बैठकीत ठरवू. आर्णी-पुसदकडच्या कार्यकर्त्यांनी आकडा काढून आणावा.